घोट्याएवढ्या पाण्याची प्रवेशिका

भीमेला कुठल्याही स्पर्धेत बक्षीस मिळणं अवघड आहे, असं माझं पक्कं मत झालेलं आहे. दोष तिचा नाही. भीमाशंकरच्या डोंगरात जन्मते तेव्हा तीही उड्या मारतच असणार. पण आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात पोचेपर्यंत तिनं पुण्याचं सगळं पोटात घातलेलं असतं, उजनीत मुक्काम केलेला असतो, पंढरपुरात चंद्रभागा होऊन लाखो लोकांचे नमस्कार घेतलेले असतात आणि सोलापूरच्या उसाला पाणी पाजून पाजून ती दमलेली असते. एवढा संसार उरकल्यावर उसळायची उमेद कुणाला राहते?

हा विचार डोक्यात शिरला तो भाच्यामुळे. भाचा पुण्यात कंपनीत आहे. त्यानं एका स्पर्धेची माहितीपत्रिका पाठवली. लेखन आणि छायाचित्रण, दोन्ही एकत्र. विषय : फेसाळत्या, खळाळत्या नद्या. लेख हजार शब्दांपर्यंत, सोबत तीन छायाचित्रं, छायाचित्रात संगणकावर काही घातलेलं-काढलेलं चालणार नाही. नदीचं नाव, ठिकाण आणि खळाळाची प्रतवारी लिहिणं सक्तीचं. खाली त्याचा निरोप : ‘‘मामा, तुम्ही लिहिताच की. पाठवा. तुमच्याकडं नदी असंलच ना एखादी?’’

आमच्याकडं नदी नसेल, अशी शंका पुण्याच्या माणसाला यावी याचंच मला आधी वाईट वाटलं. मुळा-मुठेच्या पुलावरून नाकाला रुमाल लावून जाणाऱ्यांनी आम्हाला नदी आहे का म्हणून विचारायचं! पण राग बाजूला ठेवून हिशेब मांडला. आमचं गाव मादन हिप्परगा आळंद तालुक्यात आहे. हे आळंद म्हणजे ज्ञानोबांची आळंदी नव्हे. हे आमचं, सरहद्दीवरचं. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जमिनीच्या जुन्या कागदांत निजामाच्या काळची उर्दू. आमच्या शिवारातला ओढा कुठल्याही दिशेला वळला, तरी फिरून-फिरून शेवटी भीमेलाच जातो. तालुक्याची खरी नदी अमरजा. ती गाणगापूरला भीमेला मिळते आणि त्या संगमावर दत्तभक्त स्नान करतात. गुरुचरित्रात कथा आहे, की स्वर्गातून नेताना अमृत सांडलं आणि त्यातून ही नदी झाली. सांडलं ते थोडंसंच असणार, कारण पाणी आजतागायत बेताचंच आहे.

तर स्पर्धेला पाठवायचं काय?

माहितीपत्रिकेतली प्रतवारी मी नीट वाचली. जगभर खळाळाच्या सहा प्रती मानतात. पहिली म्हणजे पाणी जरा सरसरतंय. दुसरी-तिसरीत लाटा, खडक, वल्ही मारावी लागतात. चौथी-पाचवी जाणत्यांसाठी. सहावी म्हणजे जाऊ नये, आणि गेलात तर घरच्यांना सांगून जा. ही प्रतवारी ज्यांनी केली त्यांना आमचा फरशी पूल दाखवायला हवा होता. आमच्याकडे प्रती चारच आहेत आणि त्यांना आकडे नाहीत, अवयव आहेत : घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, छातीएवढं. मोजायला यंत्र लागत नाही, एक म्हातारा लागतो.

हे प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. रात्रभर वरच्या अंगाला पाऊस झालेला. सकाळची बस ओढ्याच्या अलीकडे उभी. फरशी पुलावरून गढूळ, काळ्या मातीचं पाणी वाहतंय. कडेचे दगड दिसत नाहीत, कुणीतरी रोवलेल्या खांबाचं नुसतं टोक दिसतंय. कंडक्टर दारात उभा राहून जाहीर करतो, ‘‘नीर भाळ अद,’’ म्हणजे पाणी फार आहे. ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतो. बसमधले निम्मे लोक उतरून काठावर येतात. मग एक धोतरवाले अण्णा पुढं होतात. धोतर गुडघ्यावर खोचतात, चपला काढून नातवाच्या हातात देतात आणि काठी टेकत टेकत पाण्यात शिरतात. आधी काठी, मग पाय. काठी टेकली की थांबायचं, पायाखालची फरशी जागेवर आहे का ते अंगठ्यानं चाचपायचं, मग दुसरं पाऊल. काठावर बघ्यांची चर्चा चालू. ‘‘उतराया लागलंय की.’’ ‘‘कुठलं उतरतंय, मघाशी तो दगड दिसत होता.’’ अण्णा मध्यावर जाऊन उभे राहतात, वळून बघतात आणि निकाल देतात : ‘‘गुडघ्याच्या वर हाय. नको.’’ त्या निकालावर अपील नसतं. घाई असलेला एखादा मोटारसायकलवाला त्यांचं ऐकत नाही, आणि अशा न ऐकणाऱ्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात पेपरात येतात. कारण वाहतं पाणी खोलीपेक्षा ओढीनं घात करतं. घोट्याच्या वर आलेलं, जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसाला पाडतं आणि गुडघ्याएवढं पाणी मोटारगाडीला सरकवतं. अण्णांना हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांना लाइफ जॅकेट नाही, हेल्मेट नाही, शिट्टी नाही. त्यांच्यामागे एक बसभर माणसं आहेत, एवढंच. मला विचाराल तर आमच्या भागातले सर्वांत अनुभवी रिव्हर गाइड तेच.

भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामा, पण फेस कुठाय?’’

फेस हवा होता त्याला. तो नुकताच ऑफिसच्या लोकांबरोबर कोलाडला जाऊन आला होता. कुंडलिका नदीत राफ्टिंग. फोटो पाठवलेले होते : नारिंगी जॅकेटं घातलेली सात-आठ माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी, समोर पांढऱ्या पाण्याची भिंत. त्यातला आपला कोणता, हे ओळखायला बहिणीला फोटो मोठा करून बघावा लागला. पाणी पांढरं का दिसतं, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. पाण्याला स्वतःचा पांढरा रंग नसतो. ते वेगानं खडकावर आदळलं की त्यात हवा कोंडते, लाखो बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा प्रकाश चहूकडे उधळतो. सगळे रंग सारखेच उधळले गेले, की डोळ्याला पांढरं दिसतं. तुरीची डाळ उकळताना पातेल्यात वर येतो, त्या फेसाचंही हेच आहे. फरक इतकाच, की आमच्या गुलबर्गा तुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिच्या फेसावर अजून कुणी स्पर्धा ठेवलेली नाही.

म्हणजे नदीला फेस यायला दोन गोष्टी लागतात : उतार आणि अडथळा. आमच्या पठारावर उतार नाही. अडथळे भरपूर आहेत, पण ते नदीत नाहीत, कचेरीत आहेत.

पण कोलाडच्या फोटोत एक गोष्ट मला खटकत होती. फोटो मे महिन्यातला होता. मेमध्ये कुंडलिकेला एवढं पाणी कुठून? कोकणातल्या नद्या पावसाळ्यात तुफान धावतात आणि उन्हाळ्यात दगडांतून वाट काढत असतात. मग शोधत गेलो, आणि जे हाती लागलं त्यानं माझी छाती दोन इंच फुगली. कुंडलिकेतलं ते पाणी वीजघरातून सुटलेलं असतं. मुळशीच्या तलावातलं पाणी सह्याद्री फोडून बोगद्यातून आणि नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. हे वीजघर टाटांनी १९२७ मध्ये सुरू केलं. वीज तयार झाली की ते पाणी पुढं कुंडलिकेत जातं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट सुटतात. उन्हाळा असो की हिवाळा, खळाळाला वेळापत्रक आहे.

आता मुळशीचा तलाव कुठल्या नदीवर? मुळेवर. मुळा कुठं जाते? पुण्यात मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढं भीमेला मिळते. आणि भीमा? आमच्याकडं येते. म्हणजे ते पाणी त्याच्या मनानं वाहिलं असतं, तर पूर्वेकडं निघून उजनी, पंढरपूर करत गाणगापूरच्या संगमावर आलं असतं. त्याला मध्येच पाठ फिरवायला लावून पश्चिमेला ढकललं, म्हणून ते कोलाडात फेसाळतंय. बच्छावत लवादापुढं कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा तंटा चालला, तेव्हा या पळवलेल्या पाण्याचाही हिशेब झाला आणि वर्षाला किती न्यायचं याला मर्यादा घातली गेली.

मी तडक भाच्याला फोन लावला. ‘‘बाळा, तू ज्यात आरडाओरडा केलास ना, ते आमच्या भीमेचं पाणी होतं.’’

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘‘मामा, मग बिल पाठवा.’’

बिल कुणाला पाठवायचं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे. त्या धरणाखाली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास सोसला. धरण व्हायचं ते झालंच. त्यामुळे कोलाडच्या फेसात मुंबईला जाणारी वीज आहे, बुडालेली भातखाचरं आहेत आणि आमचं न आलेलं पाणीही आहे. एवढं सगळं हजार शब्दांत बसवता आलं असतं. पण माहितीपत्रिकेत लिहिलं होतं, ‘नैसर्गिक खळाळाला प्राधान्य’. परीक्षकांना हे कळलं, तर निम्म्या प्रवेशिका बाद कराव्या लागतील. आमच्याच कर्नाटकात दांडेलीला काळी नदीत राफ्टिंग चालतं, तेही सुपा धरणातून पाणी सुटलं तर. जोग धबधब्याच्या वर लिंगनमक्कीचं धरण आहे; २५३ मीटरांवरून पडणाऱ्या शरावतीलाही आता आधी कुणाला तरी विचारावं लागतं.

जोगवरून काका कालेलकर आठवले. नद्यांवर त्यांच्याइतकं प्रेमानं आपल्याकडं फार कमी जणांनी लिहिलं असेल. माणूस साताऱ्याचा, मराठी. पण नद्यांवरचं ‘लोकमाता’ लिहिलं गुजरातीत, आणि गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणायचे. १९२७ मध्ये गांधीजी म्हैसूर संस्थानात दौऱ्यावर असताना सागरपर्यंत गेले होते. तिथून जोग फार लांब नाही. कालेलकरांनी धबधबा बघायला चला म्हणून परोपरीनं गळ घातली. किती उंचावरून पाणी पडतं, तेही सांगून पाहिलं. त्यावर गांधीजींनी विचारलं, की मग पाऊस किती उंचावरून पडतो? आणि ते गेले नाहीत. कालेलकर जाऊन आले. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि तीत आपलीच फजिती आहे हे न लपवता. मला या दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी ते ठरवता येत नाही. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे कालेलकर पहिल्याच फेरीत बाद झाले असते, कारण सोबत छायाचित्रं नाहीत. गांधीजींचं मात्र आमच्या भागाला पटण्यासारखं आहे. धबधबा नसलेल्या मुलखात पाऊस हाच धबधबा असतो, आणि तोही वेळेवर पडेल याची खात्री नसते.

खळाळांना नावं ठेवायची चाल मला आवडली. ऋषिकेशला गंगेतल्या खळाळांची नावं ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’, ‘थ्री ब्लाइंड माइस’ अशी आहेत. भगीरथानं एवढी तपश्चर्या करून नदी खाली आणली आणि लोकांनी तिच्या एका वळणाला गोल्फ कोर्स म्हणावं! आमच्या ओढ्यालाही नावं आहेत, पण ती वेगळ्या शाळेतली : बैल वाहिलेली जागा, जावई अडकलेला पूल, मास्तरांची सायकल गेलेली घळ. प्रत्येक नावामागं एक खरी घटना आणि एक अजून न मिटलेलं भांडण. जावयाच्या बाबतीत तर तो खरंच पाण्यामुळं अडकला होता, की सासुरवाडीचं जेवण आवडलं म्हणून अडकून राहिला, यावर अजून दोन घरांत बोलणं नाही.

मग मला नळदुर्ग सुचला. सरहद्द ओलांडली की धाराशिव जिल्हा. १९५६ पर्यंत नळदुर्ग आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळं तिथल्या धबधब्यावर आमचा थोडा वडिलोपार्जित हक्क आहे, असं मी धरून चालतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांध घातलाय, आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं बांधकाम. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, की या बांधावरून दोन ठिकाणी नदी खाली कोसळते. एक नर, एक मादी. महालाच्या सज्जात उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा पडतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. बुडबुडे, प्रकाश, पांढरा फेस, सगळं स्पर्धेच्या नियमात बसणारं. बोरीसुद्धा पुढं भीमेलाच मिळते. म्हणजे भीमेच्या घराण्यात एक तरी नाचणारी निघाली. आणि तिच्यातही अडथळा माणसानं घातलेला असला, तरी तो चारशे वर्षांचा आहे. एवढ्या जुन्या अडथळ्याला निसर्गात धरायला हरकत नसावी.

तिथं छायाचित्रकारांची गर्दी असते. अलीकडं सगळ्यांनाच पाणी रेशमी दिसायला हवं असतं. त्यासाठी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, भिंगावर काळी काच लावायची आणि झडप एखादा सेकंद उघडी ठेवायची. तेवढ्यात पाणी पुढं निघून जातं आणि फोटोत नुसता त्याचा वाहण्याचा पुसट पट्टा उमटतो. हे दिसायला छान दिसतं. पण नर-मादीच्या समोर उभं राहिलेल्या माणसाला असं काही दिसत नाही. त्याचे आवाजानं कान बधिर होतात, तुषारांनी चष्मा भिजतो आणि शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही. झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर प्रत्येक थेंब वेगळा गोठतो. तेही डोळ्याला कधी दिसत नाही. दोन्ही फोटो खोटेच, पण दुसऱ्यात निदान पाण्याचा राग टिकतो. परीक्षकांनी या मुद्द्याचा विचार करावा. शिवाय सगळेच रेशमी फोटो एकसारखे येतात. खाली नाव लिहिलं नाही तर नायगरा की नळदुर्ग ते सांगता येणार नाही.

तेव्हा प्रवेशिकेचं जमलं होतं. लेखात फरशी पुलावरचे अण्णा, कोलाडला पळालेलं भीमेचं पाणी आणि शेवटी नर-मादी. छायाचित्रं तीन : काठी, कोरडं पात्र आणि धबधबा. पहिली दोन मिळाली. काठी तर अण्णांनी धुऊन, पुसून, तेल लावून फोटोला दिली. पाण्यातली काठी हवी म्हटल्यावर ‘‘पाणी आण, काठी तयार हाय,’’ म्हणाले. तिसऱ्या फोटोपाशी गाडी अडली. माहितीपत्रिकेत शेवटची तारीख होती ३१ जुलै.

३१ जुलैला बोरी धरण भरत नाही. जुलैत पाऊस सह्याद्रीवर कोसळतो. घाट ओलांडून आमच्याकडं येईपर्यंत ढगात फारसं काही उरलेलं नसतं. आमच्या भागाचा खरा पाऊस सप्टेंबरचा, परतीच्या वाटेवरचा. तो कधी कधी ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो आणि मग एकदम अंगावर येतो. २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला असा पूर आला, की काठची गावं रात्रीत हलवावी लागली. बक्षीस न मिळणाऱ्या, न उसळणाऱ्या याच नदीनं तेव्हा किती जणांचे संसार नेले, ते अफजलपूर तालुक्यात जाऊन विचारावं. तेव्हाही तिला फेस नव्हता. पाणी रुंद होतं, तपकिरी होतं आणि जवळजवळ आवाज न करता चढत होतं. सहा प्रतींच्या तक्त्यात ते पहिल्या प्रतीत बसलं असतं.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सप्टेंबरचा चौथा रविवार जगभर नदी दिन म्हणून पाळतात. पुढच्या वर्षी प्रवेशिका त्या दिवसापर्यंत घ्या. तेवढ्यात आमच्याकडं पाणी येतं. आणि लेख, छायाचित्र यांच्याबरोबर तिसरा एक विभाग काढा : फेस न येणाऱ्या नद्यांचा. त्यासाठी परीक्षक मी सुचवतो. ते मादन हिप्परग्यातच असतात, मानधन मागत नाहीत, येताना काठी स्वतःची आणतात आणि निकाल जागेवर देतात.